मिरज–कोल्हापूर लाइन कॉम्प्युटरवर कशी उभी करायची: आधी रूळ, मग सांधे, मग गाडी, शेवटी सिग्नल

मिरजेहून कोल्हापूरला येणाऱ्या गाडीत बसलेल्या प्रत्येकानं हे अनुभवलंय. स्टेशन समोर दिसतंय, प्लॅटफॉर्मवरची माणसं दिसतायत, आणि आपली गाडी बाहेरच सिग्नलला उभी. मग समोरून दुसरी गाडी स्टेशनात येऊन थांबते आणि त्यानंतर कुठं आपली हलते. डब्यात सगळे वैतागलेले असतात, पण त्या थांबण्यामागं एक पक्का नियम असतो, आणि तो नियम स्वतःच्या हातानं कोडमध्ये लिहिला की रेल्वे कशी चालते ते जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशानं कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

हा लेख थोडंफार प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांसाठी आहे. फंक्शन, क्लास, लिस्ट, डिक्शनरी एवढं आलं तरी बास. नोकरी-कॉलेज सांभाळून रात्रीचा तासभर देऊन करण्यासारखा हा प्रोजेक्ट आहे. रेल्वे आणि प्रोग्रॅमिंग यांचं नातं तसं जुनंच आहे, अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला, तिथं मॉडेल रेल्वेच्या टेबलाखाली टेलिफोनच्या रिले वापरून सिग्नल आणि वीज सांभाळणारी मंडळी पुढं कॉम्प्युटरकडं वळली आणि पहिल्या पिढीतले हॅकर त्यातूनच आले.

एक गोष्ट आधीच सांगतो. इंजिनाचं थ्रीडी मॉडेल, हॉर्नचा आवाज, खिडकीतून दिसणारा ऊस, हे सगळं शेवटी. तसलं तयार पाहिजे असेल तर ओपन रेल्स आहे, ओपनबीव्हीई आहे, दोन्ही फुकट आहेत आणि चांगले आहेत. आपण बनवणार ते आहे लाइन चालवायचं सिम्युलेशन. त्यात गाडी ही सगळ्यात सोपी वस्तू, अवघड असते ती गाडीला पुढं जायची परवानगी.

कुठली लाइन, कुठली भाषा

पहिल्याच झटक्यात मुंबई लोकल घेऊ नका, चार-चार ट्रॅक आणि दर काही मिनिटाला गाडी, त्यात गुंतून जाल. आपली मिरज–कोल्हापूर लाइन शिकायला सोन्यासारखी आहे. सुमारे ४८ किलोमीटर, एकेरी मार्ग, मोजकी स्टेशनं: जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गूळ मार्केट आणि शेवटी छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. एका टोकाला मोठं जंक्शन, दुसऱ्या टोकाला लाइन संपते, मध्ये कृष्णा आणि पंचगंगेवरचे दोन मोठे पूल. १८९१ ला ही लाइन मीटर गेजवर सुरू झाली, १९७१ च्या सुमारास ब्रॉड गेज झाली, आणि मिरजेला तर एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो अशी तिन्ही गेज एकत्र होती, त्यामुळं पुढं जुन्या काळाचं व्हर्जन करायचं म्हटलं तरी मटेरियल भरपूर आहे.

भाषा म्हणाल तर पायथन आणि पायगेम चालतंय, पण मी जावास्क्रिप्ट आणि ब्राउझरचा कॅनव्हास सुचवीन, कारण झालं की लिंक व्हॉट्सॅपवर टाकली आणि मित्रानं लगेच मोबाइलवर उघडली. इन्स्टॉल करायची भानगड नाही. काहीही घ्या, फक्त सिम्युलेशनचं कोड आणि चित्राचं कोड पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. सिम्युलेशनला स्क्रीन आहे हे माहीतच नसलं पाहिजे. याचा फायदा टेस्टिंगला येतोय, खाली सांगतो.

नकाशावरून रूळ उतरवणे

ओपनस्ट्रीटमॅपवर ही लाइन आखलेली आहे. ओव्हरपास टर्बो नावाचं वेब टूल आहे, त्यात मिरज ते कोल्हापूर एवढी चौकट पकडून रेल्वेच्या रेघा मागवल्या की जिओजेसन फाइल मिळते. त्यात असतात फक्त अक्षांश-रेखांशाचे बिंदू. आपल्याला पाहिजेत मीटर.

एवढ्या छोट्या भागाला पृथ्वीची गोलाई डोक्यात घ्यायची गरज नाही. एक अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. एक रेखांश मात्र आपल्याकडं त्यापेक्षा कमी, कारण आपण विषुववृत्तापासून पावणेसतरा अंश वर आहोत, म्हणून कोसाइननं गुणायचं, ते होतात साधारण १०६ किलोमीटर. म्हणजे एवढंच:

आडवं = (रेखांश − कोल्हापूरचा रेखांश) × १११३२० × कोसाइन(१६.७ अंश)
उभं = (अक्षांश − कोल्हापूरचा अक्षांश) × १११३२०

मग एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर पायथागोरसनं काढून बेरीज करत जायची, की प्रत्येक बिंदूला कोल्हापूरपासूनचं अंतर मिळालं. रुळाकडेच्या किलोमीटरच्या दगडाशी ते तंतोतंत जुळणार नाही, जुळायची गरजपण नाही.

नकाशातला डेटा सरळ वापरता येत नाही हे लक्षात ठेवा. पूल आला की रेघ तुटलेली असते, फाटक आलं की कधी कधी तुटलेली असते, स्टेशनात साइडिंग अर्धवट असतात. एक संध्याकाळ बसून हातानं साफ करा. कुठल्या स्टेशनात किती रूळ आहेत ते सॅटेलाइट चित्रात मोजा, कारण ज्या ठिकाणी एकच रूळ ते हॉल्ट, तिथं दोन गाड्या एकमेकांना ओलांडूच शकत नाहीत, आणि ज्या ठिकाणी मेन लाइनशिवाय बाजूला फुटून परत तिलाच मिळणारी लूप लाइन आहे ते क्रॉसिंग स्टेशन. सगळा खेळ या फरकावर आहे. आणि हो, प्रोजेक्ट लोकांना दाखवणार असाल तर ओपनस्ट्रीटमॅपचा उल्लेख स्क्रीनवर कुठंतरी करा, त्यांच्या लायसन्सची ती अट आहे आणि ज्यांनी फुकट बसून नकाशे आखलेत त्यांचं नाव घेणं आपलं काम आहे.

रुळांचा ग्राफ

रूळ म्हणजे ग्राफ हे सगळ्यांना सुचतं, तुकडे म्हणजे रेघा आणि सांधे (एका रुळाचे दोन फुटतात ती जागा) म्हणजे बिंदू. पण साधा ग्राफ इथं चुकतोय. सांध्याला तीन तोंडं असतात: एक समाईक, एक सरळ जाणारं, एक वळणारं. समाईक तोंडाकडनं आलात तर सरळ किंवा वळणावर जाता येतं. पण सरळ रुळावरनं आलेली गाडी तिथंच उलटी वळून वळणाच्या रुळावर जाऊ शकत नाही. साध्या ग्राफमध्ये शेजारी म्हणजे शेजारी, त्यामुळं मार्ग शोधायला सांगितला की तो गाडीला तिथंच मागं वळवतो.

म्हणून जोडणी बिंदूंची नाही, टोकांची करायची. प्रत्येक रूळ-तुकड्याला दोन टोकं, अ आणि ब. सांधा साठवताना त्यात लिहायचं: समाईक कुठलं टोक, सरळ कुठलं, वळण कुठलं, आणि आत्ता लागलेला कसा आहे. मग "या टोकातून बाहेर पडलो तर पुढं कुठं" असं एकच फंक्शन लिहा. समाईककडनं आलो तर सांधा जसा लागलाय तिकडं. सरळकडनं किंवा वळणाकडनं आलो तर समाईकवर, पण सांधा आपल्या बाजूनं लागलेला असेल तरच, नाहीतर एरर फेका. हा एरर गप्प गिळू नका, कारण खऱ्या रेल्वेत याचा अर्थ सांधा फोडून गाडी गेली असा होतो.

प्रत्येक तुकड्याला लांबी, कमाल वेग आणि चढ एवढं जोडा. लूपला जाणाऱ्या सांध्यावर वेगमर्यादा असते, बाराला एक या कोनाचा सांधा असेल तर ३० किलोमीटर ताशी हा आपल्याकडचा नेहमीचा आकडा, त्यापेक्षा तीव्र साडेआठाला एकवाल्या सांध्यावर १५. हे दोन आकडे घातले की सिम्युलेशनमध्ये लगेच जीव येतो, लूपला घेतलेली गाडी का रेंगाळते ते दिसतं.

गाडी

गाडीचं ठिकाण म्हणजे तीन गोष्टी: कुठल्या तुकड्यावर, किती मीटरवर, तोंड कुठल्या टोकाकडं. बास. गाडीचं स्क्रीनवरचं चित्र यावरून काढायचं, उलट नाही.

पण गाडीला लांबी असते आणि इथंच पुढचे बरेचसे बग जन्माला येतात. एलएचबी प्रकारचा डबा जोडणीसकट २४ मीटर धरा. १८ डबे आणि इंजिन म्हणजे साडेचारशे मीटर. इंजिन एका तुकड्यावर आणि शेपूट मागच्या सांध्यावर, असं कितीतरी वेळ असतं. म्हणून गाडीनं व्यापलेल्या तुकड्यांची एक रांग ठेवायची, तोंड नवीन तुकड्यात शिरलं की पुढं जोडायचा, शेपूट तुकडा सोडून गेलं की मागून काढायचा. खऱ्या रेल्वेत शेवटच्या डब्यावर मोठा फुलीसारखा एक्स असतो, स्टेशनवाले तो बघूनच गाडी पूर्ण आली असं समजतात. आपली रांग म्हणजे तेच काम करते. वेगमर्यादेलापण हाच नियम, पुलावरची मर्यादा शेवटचा डबा पूल सोडेपर्यंत लागू.

जोर, वजन, ब्रेक

इथं फार खोलात जायची गरज नाही पण खोटं पण करू नका. "वेग एकदम १००" असं केलं तर टाइम टेबल कधीच जुळणार नाही.

डब्ल्यूएपी-७ या विजेच्या इंजिनाचे आकडे घेऊ: वजन १२३ टन, ताकद ६३५० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ४७०० किलोवॅट, आणि सुरुवातीचा ओढायचा जोर सुमारे ३२३ किलोन्यूटन. भरलेला डबा ढोबळमानानं ५० टन धरला तर १८ डब्यांची गाडी इंजिनासकट १०२३ टन. आता नियम असा:

जोर = कमीत कमी(३२३ किलोन्यूटन, ताकद ÷ वेग)

कमी वेगात चाक आणि रूळ यांची पकड जेवढं झेलेल तेवढाच जोर, आणि वेग वाढला की मोटरची ताकद वाटली जाते. दोन्ही रेघा जिथं मिळतात तो वेग या आकड्यांवरून येतो ताशी ५३ च्या आसपास. गाडी उभी असताना प्रवेग मिळतो दर सेकंदाला सेकंदी ०.३ मीटर, आणि ताशी १०० ला पोचेपर्यंत जोर १७० किलोन्यूटनवर आलेला असतो, म्हणजे प्रवेग निम्मा. हे एकच "कमीत कमी" लिहिलं की गाडी खऱ्या गाडीसारखी वेग घेते, सुरुवातीला दमदार आणि नंतर सावकाश.

विरोध तीन भागांचा: एक कायमचा, एक वेगाबरोबर वाढणारा, एक वेगाच्या वर्गाबरोबर म्हणजे हवेचा. सुरुवातीला दर टनामागं १५-२० न्यूटन कायमचे धरून पुढचे दोन हळूहळू जुळवत बसा. चढासाठी वजन गुणिले ९.८१ गुणिले चढ. शंभराला एक चढ असेल तर आपल्या गाडीला १०० किलोन्यूटन मागं खेचणार, म्हणजे सुरुवातीच्या जोरातला जवळजवळ तिसरा हिस्सा. साधा वाटणारा चढ रेल्वेला किती जड जातो बघा.

ब्रेक तर अजून महत्त्वाचा. गाडीचा ब्रेक हवेचा असतो, पाइपात ५ किलोचा दाब असतो, दाब कमी केला की ब्रेक लागतो, आणि तो फरक शेवटच्या डब्यापर्यंत जायला वेळ लागतो. म्हणून ब्रेक दाबल्या दाबल्या पूर्ण जोर देऊ नका, काही सेकंदात वाढवत न्या. मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, सेकंदाला सेकंदी ०.५ मीटर धरला तर ताशी १०० वरनं थांबायला ७७० मीटर लागतात आणि ५५ सेकंद. शाहूपुरीतनं परीख पुलाखालून पलीकडं जाताना वरून सावकाश जाणारी गाडी बघितली असेल, ती तशी का जाते ते या आकड्यात आहे, पुढं लाइन संपतेय.

घड्याळ

सिम्युलेशनचा टप्पा कायम ठेवा, ०.१ सेकंद. स्क्रीन सेकंदाला ३० वेळा रंगू दे नाहीतर ६० वेळा, सिम्युलेशनला त्याच्याशी देणंघेणं नाही. आणि वेग वाढवायचा असेल, म्हणजे एक मिनिट एका सेकंदात बघायचं असेल, तर टप्पा मोठा करू नका, टप्पे जास्त वेळा चालवा. टप्पा ६ सेकंदाचा केला तर ताशी १०० वरची गाडी एका उडीत १६७ मीटर जाते आणि सिग्नल कुठं आला नि गेला ते तिला कळतच नाही. ०.१ ला तीच उडी पावणेतीन मीटर.

प्रत्येक टप्प्यात क्रमपण ठरलेला ठेवा: आधी सिग्नल, मग ड्रायव्हरचा निर्णय, मग वेग, मग नव्या वेगानं जागा. क्रम बदलत राहिला तर तीच गाडी दोनदा चालवल्यावर दोन वेगळ्या वेळा येतात, आणि मग बग शोधणं अशक्य.

लोको पायलट

ड्रायव्हर लिहिणं वाटतं तेवढं अवघड नाही. पुढं दोन-तीन किलोमीटर बघायचं आणि वाटेतल्या प्रत्येक अडचणीची यादी करायची: लाल सिग्नल, वेगमर्यादेचा तुकडा, थांबायचं स्टेशन. प्रत्येकासाठी आत्ता जास्तीत जास्त किती वेग चालेल ते काढायचं:

चालणारा वेग = वर्गमूळ(तिथला वेग × तिथला वेग + २ × मंदन × तिथपर्यंतचं अंतर)

सगळ्यातला सगळ्यात कमी तो आपला वेग. त्याच्या खाली असलो तर ओढा, वर असलो तर ब्रेक, मध्ये थोडी मोकळी जागा सोडा नाहीतर गाडी धक्के खात चालेल. सिग्नलपाशी अगदी शून्यावर नेऊ नका, वीस-तीस मीटर आधी थांबवा.

पुरात किंवा रुळाच्या कामात कॉशन ऑर्डर निघते, म्हणजे अमुक किलोमीटर ते तमुक किलोमीटर हळू चालवा. ही सोय सुरुवातीपासून ठेवा, डेटामध्ये फक्त सुरुवात, शेवट आणि वेग. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात या मार्गावरची वाहतूक बंद पडली होती ते सगळ्यांना आठवत असेल. पंचगंगेच्या पुलावर ताशी २० ची मर्यादा टाकून दिवसभराचं टाइम टेबल चालवून बघा, उशीर एका गाडीचा राहत नाही, क्रॉसिंगमधनं तो समोरच्या गाडीला लागतो आणि तिच्याकडनं तिसरीला.

सिग्नल आणि लाइन क्लिअर, म्हणजे खरी रेल्वे

आता जरा निवांत वाचा, कारण प्रोजेक्टचा गाभा हाच आहे.

दोन स्टेशनांच्या मधला रूळ म्हणजे एक ब्लॉक. एका वेळी एकच गाडी. पण "ब्लॉक मोकळा आहे का" एवढंच तपासून भागत नाही, कारण एकेरी लाइनवर दोन्हीकडची स्टेशनं एकाच वेळी मोकळा बघून दोन्हीकडनं गाडी सोडतील. म्हणून परवानगी मागावी लागते. हातकणंगल्याचा स्टेशन मास्तर रुकडीला विचारतो, रुकडीनं लाइन क्लिअर दिली तरच हातकणंगल्याचा शेवटचा स्टार्टर सिग्नल (गाडीला स्टेशनातून बाहेर सोडणारा) पडतो, आणि तेवढ्या वेळात रुकडी स्वतः त्या बाजूला गाडी सोडू शकत नाही. जुन्या काळी यासाठी टोकन यंत्रात धातूचा गोळा असायचा, गोळा ज्याच्या हातात तोच ड्रायव्हर पुढं जाणार. कोडमध्ये पण गोळाच करा: प्रत्येक ब्लॉकला एक टोकन, टोकन कुणाकडं आहे ते एका व्हेरिएबलमध्ये. गाडीची शेपूट पुढच्या स्टेशनात पूर्ण आल्याशिवाय टोकन परत जमा होत नाही. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना यात लॉक दिसेल, आणि ते बरोबरच आहे.

लाइन क्लिअर द्यायच्या आधी रुकडीनं अजून एक बघायचं असतं: येणारी गाडी चुकून सिग्नल ओलांडून थोडी पुढं घसरली तरी पुढं जागा मोकळी आहे का. याला ओव्हरलॅप म्हणतात. आजच्या रंगीत दिव्यांच्या सिग्नलला ब्लॉकसाठी १८० मीटर आणि स्टेशनातल्या सिग्नलपुढं १२० मीटर धरतात. आता सुरुवातीचा प्रश्न सुटतो. दोन बाजूंनी दोन गाड्या एकाच स्टेशनात क्रॉसिंगला येतायत, दोघींना एकदम आत घेतलं तर एकीचा ओव्हरलॅप दुसरीच्या वाटेत येतो. तशी खास सोय नसेल तर एकीला होम सिग्नलबाहेर (स्टेशनात आत घेणारा सिग्नल) थांबवून दुसरी आत येऊन पूर्ण उभी राहीपर्यंत वाट बघायची. तुमची गाडी बाहेर उभी राहते ती यामुळं. कोडमध्ये ही एक अट आहे, फार तर चार ओळी.

सिग्नलचे रंग तीन, पण संकेत चार आहेत: लाल, एक पिवळा, दोन पिवळे, हिरवा. होमच्या एक किलोमीटर आधी डिस्टंट, मग होम, मग स्टार्टर. होम लाल तर डिस्टंट एक पिवळा. होम पिवळा, म्हणजे आत ये पण पुढच्या सिग्नलला थांब, तर डिस्टंट दोन पिवळे. सगळं मोकळं तर सगळं हिरवं. लूपला घ्यायचं असेल तर होमच्या पिवळ्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी रेघ लागते. वरचा ७७० मीटरचा आकडा आठवा, डिस्टंट एक किलोमीटर आधी का ठेवतात ते आपोआप समजेल. प्रत्येक सिग्नलचा रंग पुढच्या सिग्नलवरून काढायचा, म्हणून हिशेब स्टेशनातल्या सगळ्यात पुढच्या सिग्नलपासून मागं करत यायचं.

आणि इंटरलॉकिंग, म्हणजे सांधे आणि सिग्नल एकमेकांना बांधून ठेवणं. मार्ग लावायचा म्हणजे यादी करायची: यातले सांधे कुठले आणि कसे पाहिजेत, तुकडे कुठले, ओव्हरलॅप कुठला. मग क्रमानं: सगळे तुकडे मोकळे आहेत का, दुसऱ्या कुठल्या मार्गानं धरलेत का, सांधे हलवा, हललेत का खात्री करा, कुलूप लावा, आणि सगळ्यात शेवटी सिग्नल. हा क्रम एकदाही मोडायचा नाही. सांधा हलायला पाच-सहा सेकंद द्या, लगेच हलवू नका. गाडीची शेपूट जशी पुढं जाईल तसं मागचं कुलूप काढत जा. आणि कुणी लावलेला मार्ग गाडी जवळ आलेली असताना रद्द केला तर सिग्नल लगेच लाल, पण सांध्याचं कुलूप दोन मिनिटं तसंच, कारण आत येणारी गाडी थांबेपर्यंत तो सांधा हलता कामा नये. माणसांचे जीव वाचवणारे हे नियम आहेत, सिम्युलेशन आहे म्हणून सोपं करायचा मोह टाळा.

डेडलॉक

सिग्नल बरोबर चालायला लागले की गाड्या एकमेकांना धडकणार नाहीत. पण अडकतील. हातकणंगल्याला समजा दोनच रूळ धरले, दोन्हीवर कोल्हापूरकडं जाणाऱ्या गाड्या उभ्या, आणि रुकडीच्या दोन्ही रुळांवर मिरजेकडं जाणाऱ्या. प्रत्येक सिग्नल लाल, प्रत्येक नियम पाळलेला, आणि कुणीच हलू शकत नाही. खऱ्या लाइनवर हे होऊ नये म्हणून डिव्हिजनचा कंट्रोलर आख्ख्या सेक्शनवर डोळा ठेवून असतो, कुठं कुणाला थांबवायचं ते तो सांगतो.

सोपा नियम असा लिहा: पुढच्या क्रॉसिंग स्टेशनात पाठवल्यावर तिथं निदान एक रूळ रिकामा उरत असेल, किंवा तिथून आपल्याच दिशेनं पुढचा ब्लॉक आणि त्यापुढचं स्टेशन मोकळं असेल, तरच गाडी सोडायची. यानं बहुतेक वेळा भागतं पण गाड्या उगीच थांबतात. त्यापेक्षा चांगलं पाहिजे असेल तर संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांचा बँकर्स अल्गोरिदम इथं सुरेख बसतो: गाडी सोडल्याची कल्पना करायची, आणि त्या परिस्थितीतून सगळ्या गाड्या कुठल्या ना कुठल्या क्रमानं शेवटपर्यंत पोचू शकतात का ते बघायचं. पोचत असतील तर सोडा. इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात हा शिकवतात, परीक्षा झाली की विसरून जातात. इथं तो गाड्यांच्या रूपात समोर उभा राहतो. या लाइनवर एवढ्या कमी गाड्या असतात की सगळे क्रम तपासले तरी कॉम्प्युटरला काही वाटत नाही.

बघायचं काय

दोन चित्रं पुरेत. पहिलं स्टेशन मास्तरच्या पॅनलसारखं: सरळ रेघांचा आराखडा, मार्ग लावला की पांढरे दिवे, गाडी आली की लाल. नकाशावरचं वळणदार चित्र दिसायला छान पण चालवायला उपयोगाचं नाही.

दुसरं चित्र माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं, कंट्रोल चार्ट. आडवी वेळ, उभं अंतर, तळाला कोल्हापूर आणि वर मिरज. प्रत्येक गाडी एक तिरकी रेघ. उभी राहिली की रेघ आडवी. महालक्ष्मी, कोयना, हरिप्रिया, महाराष्ट्र एक्सप्रेस आणि पॅसेंजर, सगळ्यांच्या आजच्या वेळा टाइम टेबलमधनं घालून दिवस चालवला की आख्खी लाइन एका कागदावर दिसते. दोन रेघांनी एकमेकींना फक्त स्टेशनच्या उंचीवरच छेदलं पाहिजे. मध्येच कुठं छेदल्या तर तुमच्या कोडमध्ये समोरासमोर टक्कर झालीय, मग पॅनल काही का दाखवेना.

टेस्ट

चित्राचं कोड वेगळं ठेवलं ते यासाठी. स्क्रीन न उघडता रात्रभर महिनाभराच्या गाड्या चालवा, प्रत्येक गाडीला रँडम उशीर देऊन, आणि प्रत्येक टप्प्याला तपासा: एका ब्लॉकमध्ये दोन गाड्या नाहीत, गाडीखालचा सांधा हललेला नाही, लाल सिग्नल कुणी ओलांडला नाही, गाडीनं व्यापलेली एकूण लांबी गाडीच्या लांबीएवढीच आहे, आणि सलग दोन तास सगळ्याच गाड्या थांबल्यात असं झालेलं नाही. रँडमचं बीज (सीड) लिहून ठेवा म्हणजे तीच रात्र पुन्हा हुबेहूब चालवता येते. सेव्ह करतानापण सगळी परिस्थिती साठवण्यापेक्षा बीज आणि माणसानं दिलेले हुकूम वेळेसकट साठवा, फाइल बारकी राहते आणि रिप्ले फुकट मिळतो.

पुढं वाढवायचं असेल तर

कोल्हापूर शेवटचं स्टेशन, त्यामुळं आलेल्या गाडीचं इंजिन सोडवून, मोकळ्या रुळावरनं फिरवून दुसऱ्या टोकाला लावायचं शंटिंग घाला. वेग ताशी १५, गाडीचे दोन तुकडे होणं आणि परत जोडणं, यात तुमच्या तुकड्यांच्या रांगेची चांगली परीक्षा होते. मित्र जमत असतील तर एकेकाला एकेक स्टेशन द्या, वेबसॉकेटवर जोडा, आणि लाइन क्लिअर खरोखर एकमेकांना मागायला लावा. रुकडीवाला चहाला गेला की सगळी लाइन तुंबते, आणि मग प्रत्येकाला आपल्या खुर्चीची किंमत कळते.

आणि एक काम कोल्हापूरकरांनी जरूर करावं. वैभववाडीला जोडणाऱ्या प्रस्तावित लाइनची आपण किती वर्षं वाट बघतोय, ती सिम्युलेशनमध्ये स्वतः आखून बघा. उंचीचा डेटा एसआरटीएमचा (अवकाशातून केलेली उंचीची मोजणी) फुकट मिळतो, ३० मीटरच्या जाळीचा. सह्याद्री उतरायचा म्हणजे चढाचा प्रश्न येणार. बोरघाटात ३७ ला एक चढ आहे. आपल्याच गाडीचा हिशेब केला तर १०२३ टनाला तिथं २७१ किलोन्यूटन नुसता चढच मागतो, इंजिनाच्या ३२३ मधले ५० उरतात, त्यातून विरोध वजा केला की गाडी जेमतेम हलेल आणि पावसात चाकं घसरली तर तीही नाही, म्हणून तिथं मागून बँकर इंजिनं लावतात. तुमच्या आखणीत आधी १०० ला एक चढ ठेवून रेघ काढा, किती लांब होते आणि किती बोगदे लागतात ते मोजा, मग ६० ला एक करून बघा. एसआरटीएमची उंची जमिनीची असते, रुळाची नाही, त्यामुळं दरीत आणि डोंगरात ती तशीच घेऊ नका: दोन टोकांच्या उंची पक्क्या करून मध्ये ठरलेल्या चढानं सरळ रेघ ओढा, जमीन रेघेच्या खाली गेली तिथं भराव किंवा पूल, वर आली तिथं कटिंग किंवा बोगदा.